वजनमापे साहेब खेळ तपासतात

वजनमापे साहेबांच्या घरात हिंसाचार शिरला तो चकचकीत कागदात गुंडाळून आणि वर लाल रिबीन बांधून. मुलीच्या मामाने पाठवला होता. मामा लोकांचं एक बरं असतं. भाचरांना काय द्यायचं एवढंच त्यांना ठरवायचं असतं. दिलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं हे ज्यांनी ठरवायचं, ते दुसऱ्या गावी राहत असतात.

ही गोष्ट खेळ अजून डब्यात मिळत असत तेव्हाची. प्लॅस्टिकचा चपटा डबा, आत चकती, वर चित्र. खेळ हातात धरता यायचा, कपाटात ठेवता यायचा आणि फारच झालं तर कपाटाच्या वर ठेवता यायचा. आता खेळ हवेतून येतात, आणि रागावलेल्या आईबापांना नेमकं काय उचलून कपाटावर ठेवायचं ते कळत नाही. त्या काळी कळायचं.

डब्यावर एका दाढीवाल्या माणसाचं चित्र होतं. त्याच्या हातात बंदूक, पाठीवर बंदूक, कमरेला आणखी एक. मागे बर्फाचे डोंगर. आणि कोपऱ्यात, काळ्या चौकटीत, एक आकडा: अठरा. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं हा प्रकार तिला जन्मापासून माहीत नव्हता.

दुसऱ्या कुठल्या घरात त्या आकड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांचं खरं आडनाव इमारतीत फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं, बाकी सगळे त्यांना वजनमापे साहेबच म्हणत. दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, टॅक्सींचे मीटर तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का ठोकायचा, हे त्यांचं काम. लोखंडी वजन उलटं केलं की तळाशी शिशाची एक टिकली दिसते. त्या टिकलीवरची खूण म्हणजे सरकारचा शब्द, आणि सरकार काही स्वतः बाजारात येत नाही तेव्हा तो आपलाच शब्द, अशी साहेबांची समजूत होती. खात्यातल्या काहींना तराजू नुसत्या नजरेने कळत. साहेबांना कळत नसे. ते प्रमाणित वजनांची पेटी उघडत, गुडघ्यांवर बसत, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरत, आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबून शिव्या देऊ लागली तरी ढळत नसत. ‘स्वतः तपासल्याशिवाय शिक्का नाही’ हे वाक्य ते बाजारात बोलत, ऑफिसात बोलत, आणि घरी दुधाच्या पिशवीला उद्देशूनही बोलत.

त्यांनी डबा उलटा करून तळ पाहिला.

“अठरा लिहिलंय.”

“ते उगाच लिहितात, बाबा. सगळ्यांवरच लिहितात.”

“तपासून लिहितात की उगाच लिहितात?”

“मला काय माहीत?”

“मलाही माहीत नाही,” साहेब म्हणाले. “म्हणजे तपासावं लागेल.”

साहेबांची बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसून आल्यावर घरी आणखी वादविवाद करायची ताकद तिच्यात नसे. “अहो, सरळ नाही म्हणा ना,” ती म्हणाली. “पोरगी बाराची, खेळ अठराचा. यात तपासायचं काय?”

“दुसऱ्याच्या शिक्क्यावर मी माल पासही करत नाही आणि नापासही करत नाही.”

“म्हणजे पास झाला तर मला देणार?” भिंगरीने विचारलं.

“देणार.”

“मनात आधीच नापास करून ठेवलेला नाही ना?”

हे साहेबांना लागलं. लाच देऊ पाहणाऱ्यांनी त्यांचा जेवढा अपमान केला नव्हता, तेवढा पोटच्या पोरीने केला. ते ताठ बसले. “मी आजवर खोटा शिक्का मारलेला नाही. हा खेळ मी स्वतः शेवटपर्यंत खेळेन, मग निकाल देईन. तोपर्यंत तू पडद्याकडे बघायचं नाहीस.”

“शब्द?”

“शब्द.”

शब्द देणं सोपं असतं. तो पाळण्यासाठी आधी खातं उघडावं लागतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. यंत्र घरात होतं, भिंगरी त्यावर मोटारी पळवायची. पण तिच्या खात्यावर अठराचा खेळ उघडेना, म्हणून साहेबांनी स्वतःच्या नावाने नवं खातं काढायला घेतलं. मदत नको म्हणाले. सरकारी नोकराला फॉर्म भरायला मदत लागावी, म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातलाच प्रकार.

पडद्यावर पहिली चौकट आली: तारीख. वजनमापे खात्याच्या प्रत्येक फॉर्मवर पहिली चौकट तपासणीच्या तारखेची असते. अर्ध्या आयुष्याची सवय. साहेबांनी ठसठशीत आजची तारीख घातली, डब्यातल्या कागदावरचा कोड टाकला आणि बटण दाबलं.

यंत्राने जन्मतारीख मागितली होती.

यंत्राने काही हरकत घेतली नाही. पडद्यावर फुगे उडाले, एक टेडी अस्वल आलं आणि ‘स्वागत, छोट्या दोस्ता’ अशी अक्षरं उमटली. आत्ताच जन्मलेलं बाळ स्वतःचा फॉर्म स्वतः भरतंय, याचं त्या यंत्राला कौतुक नव्हतं आणि संशयही नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसातून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ एक वाद्य वाजलं, मग एक मुलगी आली.

“जन्मतारीख एकदा भरली की बदलता येत नाही, सर.”

“मग दुसरं खातं काढतो.”

“काढू शकता. पण कोड एकदाच चालतो. खेळ आता पहिल्याच खात्यावर राहणार.”

“अहो, मी सरकारी अधिकारी आहे. माझे केस पिकलेत.”

“मला दिसत नाहीत, सर. तुम्ही आईबाबांच्या परवानगीने खेळू शकता. त्यांच्या फोनवर विनंती जाईल, त्यांनी हो म्हटलं की झालं.”

म्हणजे आज जन्मलेल्या बाळाने माणसं मारायला कंपनीची हरकत नव्हती. आईला विचारून मार, एवढंच तिचं म्हणणं होतं. साहेबांनी ही गोष्ट तपासणीतला पहिला दोष म्हणून मनाशी टिपून ठेवली.

बायकोने पालक व्हायला साफ नकार दिला. “मी तुमची बायको आहे. तेवढंच पुरे होतंय.” राहता राहिली साहेबांची आई. ती त्यांच्याच घरी राहायची, सत्तरी ओलांडलेली, नजर शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. नात्याच्या रकान्यात ‘आई’ लिहिताना साहेबांना बरं वाटलं. निदान एवढी एक नोंद तरी खरी होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आईच्या फोनवर किणकिण व्हायची. ‘तुमच्या बाळाला एक तास खेळायचं आहे. परवानगी द्यायची?’

“हातपाय धुतलेस का?” आई विचारायची.

“आई, मी ऑफिसातून आलोय.”

“म्हणूनच विचारतेय.”

हातपाय धुतल्याशिवाय ती बटण दाबत नसे.

खेळ असा होता. युद्धातून पळालेला एक दाढीवाला शिपाई, त्याला डोंगर ओलांडून घरी जायचंय. बरोबर सामान वाहायला एक खेचर. वाटेत शत्रू, लुटारू, लांडगे. पहिले काही दिवस साहेबांचा शिपाई आकाशाकडे बघत भिंतीत चालत राहिला. हातातल्या त्या वस्तूवर एवढी बटणं होती की, साहेब म्हणाले, पेट्रोल पंपाला याच्या निम्मी असतात. चालायला जावं तर शिपाई बसायचा, बसायला जावं तर बाँब फेकायचा, तो बाँब समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा, आणि मग पडदा लाल व्हायचा.

बायको चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. “माणसात एवढं रक्त नसतं,” ती म्हणाली.

“खात्री आहे?”

“अहो, पाच लिटर. फार तर साडेपाच. हे पिंपभर आहे. आणि हवेत राहिल्यावर काळं पडतं, असं गुलाबजांभळं राहत नाही.”

हा दुसरा दोष. मापात सरळ सरळ खोट.

खरी अडचण पुढे आली. साहेबांना पहिलाच पूल ओलांडता येईना. पुलापलीकडे शत्रूची चौकी होती, आणि साहेब प्रत्येक वेळी तिकडे असे जायचे, जणू तिथला तराजूच तपासायचाय. ते मरायचे, उठायचे, पुन्हा जायचे, पुन्हा मरायचे. भिंगरी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली. नुसत्या आवाजावरून तिला सगळं कळत होतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

“बाबा, वाका ना,” ती आतून ओरडली.

“कसं वाकू?”

“उजव्या अंगठ्याने. खालचं बटण.”

साहेब वाकले आणि थोडे जास्त जगले. मग एक तोडगा निघाला. भिंगरीने हॉलमध्ये यायचं, पण टीव्हीकडे पाठ करून स्टुलावर बसायचं आणि तोंडाने सांगायचं. म्हणजे नियमही मोडत नव्हता आणि कामही पुढे सरकत होतं. साहेबांनी जागेची पाहणी केली. समोरच्या काचेच्या कपाटात टीव्हीचं प्रतिबिंब पडत होतं, तिथे चादर लावली. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेत ठिपक्याएवढं काही चमकत होतं, तेही उतरवलं. मग म्हणाले, “चालू कर.”

आणि काय नवल, भिंगरी हलली नाही. जी मुलगी जेवतानाही खुर्चीभोवती एक फेरी मारून यायची, ती त्या स्टुलावर संध्याकाळभर बसून राहायची. डोळे चादरीवरच्या फुलांवर, कान मागे.

“पाणी ऐकू येतंय. ओढा आहे ना? ओढ्याच्या कडेने जा. थांबा, कुणीतरी खोकलं. झाडामागे व्हा.”

“कुठल्या झाडामागे?”

“जाड.”

“सगळी सारखीच आहेत गं. कंपनीने एकच झाड छापलंय.”

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “काही होत नाही हो मुलांना. गोड खाऊन दात किडतात, बंदूक बघून कुठे किडतात?” वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी ‘मागून जा आणि मार त्याला’ असं भिंगरीच्या आवाजात आणि ‘मारला गं, मारला’ असं साहेबांच्या आवाजात स्वच्छ ऐकलं. त्या साहेबांच्या बायकोला एकटं गाठून विचारून गेल्या की घरी सगळं ठीक आहे ना. सर्वांत मोठी हरकत समोरच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त मुख्याध्यापकांची. शाळा सुटली तरी त्यांनी वर्ग सोडला नव्हता. ते येऊन दारात उभे राहिले.

“साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कोवळं मन म्हणजे ओलं सिमेंट. त्यावर जे पाऊल पडेल ते कायमचं.”

“ती बघत नाही, सर. पाठ करून बसलीय.”

मुख्याध्यापकांनी पाठ पाहिली, चादर पाहिली, मग पडदा पाहिला. पडद्यावर साहेब पुन्हा पुलावर पडलेले होते.

“आणि पुलावरून कशाला जाता?” ते जाता जाता म्हणाले. “खाली पाणी गुडघ्याएवढंच आहे.”

साहेब पुलाखालून गेले आणि सुखरूप पलीकडे पोचले. वाचन दांडगं असलेल्या माणसाचा असा उपयोग होतो, एवढंच त्यांना त्या वेळी वाटलं.

खेळाचा परिणाम मनावर होतो की नाही, याचा पुरावा मात्र साहेबांना बाजारात मिळाला. एका वाण्याच्या दुकानात ते गुडघ्यांवर बसून काटा बघत होते. मागे माळ्यावरून पत्र्याचा डबा पडला, आणि साहेबांनी प्रमाणित वजनांच्या पेटीसकट तांदळाच्या पोत्यामागे उडी घेतली. वाणी वाकून म्हणाला, “साहेब, तिथली पोती तपासायचीत का?” साहेब म्हणाले, “हो.” आणि त्यांनी खरोखरच ती सगळी पोती तोलली. अब्रू ही अशी वस्तू आहे की तिच्यासाठी माणूस पोतीच्या पोती उचलतो.

घरी हे कुणाला सांगितलं नाही. आईने मात्र ओळखलं. ती पालक या नात्याने रोज शेजारी वाटाणे सोलत बसायची.

“तू लहानपणीही असाच होतास,” ती म्हणाली. “मेलास की खरा मरायचास.”

ते खरं होतं. घरामागे विटांच्या भट्टीशेजारी पडीक जागा होती, तिथे गल्लीतली सगळी पोरं संध्याकाळी युद्ध करायची. पेटीच्या फळ्यांच्या तलवारी, झाकणांच्या ढाली. बंदूक म्हणजे दोन बोटं, आणि गोळीचा आवाज ज्याचा त्याने तोंडाने काढायचा. ज्याचा आवाज मोठा त्याची गोळी लागली, असा कायदा होता, त्यामुळे ज्यांचे घसे बसलेले ते युद्ध हरत. मेलेल्याने शंभर म्हणेपर्यंत पडून राहायचं. बाकीचे पस्तीसवरच उठायचे. साहेब शंभर पुरे करायचे, आणि उठून बघावं तर युद्ध संपून पोरं घरी गेलेली असायची. पण पडल्या पडल्या आभाळ किती मोठं दिसायचं. विटांची ऊब पाठीला लागायची, धुराचा वास यायचा, आणि लढाईचा आवाज हळूहळू लांब जायचा. मरण म्हणजे एवढंच, असं तेव्हा वाटायचं.

“आमच्या खेळावर कुठे आकडा होता?” साहेब म्हणाले. “रोज खून पडायचे. कुणी बिघडलं का?”

“मी खिडकीत बसायचे ना,” आई म्हणाली. “शिवण घेऊन. तुम्हाला वाटायचं शिवतेय. कुणाच्या हातात दगड दिसला की हाक मारायची, बस. रोज कुणाची ना कुणाची तरी आई खिडकीत असायचीच.” तिने एक शेंग फोडली. “तुझं ते जनावर मागे राहिलंय बघ.”

जनावर म्हणजे खेचर. साहेबांनी त्याला कारकून असं नाव दिलं होतं. दोन्ही बाजूंनी ओझं, समोरून शिव्या, मागून फटके, आणि तोंडातून अक्षर नाही. खात्यातला एक जुना कारकून हुबेहूब तसा होता. थंडीत साहेब आधी कारकुनाच्या पाठीवर घोंगडं टाकायचे, मग शत्रूकडे बघायचे. दाढीवाला तीन बंदुका घेऊन धावतो हे वजनाच्या दृष्टीने अशक्य आहे, म्हणून त्यांनी दोन कारकुनाच्या पाठीवर दिल्या, मग जनावराला जड होईल म्हणून एक परत घेतली. एका खेड्यात दुकान लागलं, त्यात तराजू. साहेब तळाचा शिक्का बघायला वाकले, बटण चुकलं आणि दुकानदाराच्या तोंडावर ठोसा बसला. सगळं गाव अंगावर आलं. भिंगरी पाठमोरी हसून हसून स्टुलावरून पडली, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. भिंगरीने बाबांना चौक्यांच्या वाटेवरून बाजूला काढून एका तळ्याकाठी आणलं. तिथे मासे धरता यायचे. औषधी मुळ्या मिळायच्या. एका म्हातारीची शेळी हरवली होती ती शोधायची होती. सूर्य मावळताना तळं तांबूस व्हायचं आणि कारकून पाण्याला तोंड लावायचा. साहेब ऑफिसात पाच वाजायची वाट बघू लागले. आणि इथे त्यांच्या मनात एक पाप शिरलं. खेळ पास झाला तर भिंगरी तो आपल्या खोलीत नेणार, दार लावणार. नापास झाला तर डबा कपाटावर जाणार. काहीही झालं तरी स्टूल रिकामं होणार होतं. एखाद्या व्यापाऱ्याचा माल महिनोन् महिने लटकवून ठेवणाऱ्या निरीक्षकांना साहेब आजवर नावं ठेवत आले होते. आता तेच स्वतः म्हणू लागले, “आज पुढे नको जायला. त्या शेळीचं बघू.”

भिंगरी लगेच म्हणायची, “हो बाबा, शेळीचंच बघू.”

आईने एक दिवस वाटाणे बाजूला ठेवले. “अरे, हे तेच तळं आहे.”

“तळी सारखीच असतात.”

“तीच मोडकी होडी आहे. पोरगी तुला गोल गोल फिरवतेय. आणि मला एक सांग, तिची पाठ इकडे आहे, तर तिला वाटा कुठून ठाऊक?”

काटा कधी कधी बराच वेळ एका जागी अडकून राहतो आणि मग एकदम हलतो. साहेबांनी हातातली वस्तू खाली ठेवली. भिंगरी स्टुलावर चादरीकडे बघत बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

“भिंगरी, तू हा खेळ पाहिलायस?”

“हो.”

“कुठे?”

“समोरच्या सरआजोबांकडे. त्यांच्या नातवाकडे आहे. मामाने पाठवायच्या आधीच.” ती थांबली. “आजोबा पण बसायचे. भूगोल कळतो म्हणायचे.”

साहेबांच्या लक्षात सगळं आलं. आपण गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून ज्या मालाची तपासणी करत होतो तो केव्हाच विकून, शिजवून, खाऊन झाला होता. यापेक्षा वाण्याच्या पोत्यामागे बरं होतं.

“मग मला हे सगळं करू कशाला दिलंस?”

“तुम्ही म्हणालात तपासल्याशिवाय शिक्का नाही. मला वाटलं चार दिवसांत कंटाळाल आणि द्याल.” तिचा आवाज बारीक झाला. “मग तुम्ही त्या खेचराला कारकून म्हणायला लागलात. मग मला तुम्हाला पुढे नेववेना.”

“पुढे काय आहे?”

“नका ना जाऊ, बाबा. तुम्हाला नाही बघवणार. आपण नापास करून टाकू. मला नकोच आहे तो खेळ.”

बारा वर्षांची मुलगी बापाला सांगत होती की हे तुझ्या वयाचं नाही. साहेबांना हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. “ऐकीव माहितीवर निकाल देत नाही मी,” ते म्हणाले. “तुला शब्द दिलाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलचं दार लावून घेतलं. आत ते एकटे, बाहेर भिंगरी, बायको आणि आई. तळं मागे टाकून ते वर गेले. कुणी वाका म्हणायला नव्हतं, तरी वाकले. घाटात बर्फ होतं. माथ्यावर पोचता पोचता वाट ढासळली. दाढीवाला वाचला. कारकून खाली पडला, त्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. तो ओरडत नव्हता. सवयच नव्हती त्याला. पडद्यावर अक्षरं आली की आता एकच उपाय आहे, आणि कुठलं बटण दाबायचं ते आलं.

चित्रपटात असतं तर साहेबांनी डोळे मिटून घेतले असते. इथे बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं.

त्यांनी ते सोडून बाकीची सगळी बटणं दाबली. घोंगडं टाकलं. पाठीवरची बंदूक उतरवली. तळ्याकाठची औषधी मुळी काढली, ती जनावराला चालत नव्हती. खेळ वाट बघत राहिला. बर्फ पडत राहिलं. कारकून मान उचलून बघायचा, मग खाली ठेवायचा.

साहेबांनी दार उघडलं.

“दाबलं?” भिंगरीने विचारलं.

“नाही.”

“मी पण नव्हतं दाबलं. सरआजोबांच्या नातवाने दाबलं. मग तो जेवला नाही. आजोबा त्याच्याजवळ बसून होते.”

बायकोने आत जाऊन पडद्याकडे पाहिलं. रक्ताच्या मापाबद्दल ती काही बोलली नाही. यंत्र बंद करून आली.

“नापास,” साहेब म्हणाले.

“पण तुम्ही शेवट कुठे पाहिलात?” भिंगरी म्हणाली. आपल्याला हवा असलेला निकालही तिला नियमानुसारच हवा होता. मुलगी त्यांचीच होती.

“दांडी आधीच वाकली तर शेवटचं वजन ठेवायची गरज नसते.”

“मग अठरा लिहिलंय ते बरोबर आहे?”

“ते चूक आहे.”

“मग किती पाहिजे?”

साहेबांनी खरोखर विचार केला. “सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “मी अजून तेवढा झालेलो नाही.”

डबा कपाटावर गेला. काचेवरची चादर निघाली, घड्याळ पुन्हा भिंतीवर चढलं. पुढच्या संध्याकाळी साहेब वेळेवर घरी आले, हातपाय धुतले आणि हॉलमध्ये उभे राहिले. भिंगरीही आली, खुर्चीभोवती एक फेरी मारून उभी राहिली. दोघांनाही काही काम नव्हतं.

“अभ्यास झाला?”

“झाला.”

“बरं.”

असे काही दिवस गेले. मग एकदा बेल वाजली. दारात मुख्याध्यापक होते, हातात एक डबा. त्यांनी घसा साफ केला.

“नातवासाठी आणलाय. यावर तीन लिहिलंय, तीन वर्षं आणि पुढे. पण हल्ली कशाचा भरवसा नाही. तुम्ही एकदा बघून द्याल का?”

डब्यावर एक बदक होतं. साहेबांनी तो उलटा केला, तळ पाहिला. “ठेवून जा,” ते म्हणाले. “वेळ लागेल.”

ते वळले तर भिंगरीने स्टूल आणून ठेवलेलं होतं आणि ती टीव्हीकडे पाठ करून बसलेली होती.

“अगं, बघ की तू. हा पाळण्यातल्या पोरांचा आहे.”

“अजून शिक्का कुठे बसलाय?”

साहेबांनी चकती घातली. या वेळी तिलाही वाट ठाऊक नव्हती. “काय दिसतंय?” तिने विचारलं.

“तळं आहे. बदक आहे.”

“कसं आहे?”

“ठीक वाटतंय. जरा एकटं आहे. उजवीकडे वाट जातेय, सरळ घरापर्यंत दिसते.”

“घाई करू नका,” भिंगरी म्हणाली. “डावीकडून जाऊ.”